भुईआवळा नेमका कोणता? तणांच्या जुळ्या जातींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाफ्यांत आणि कुंड्यांत भुईआवळा आपोआप उगवतो. काही रोपांची खोडे हिरवी असतात, काहींची लालसर. हिरव्या खोडाची जात वेगळी आणि लाल खोडाची वेगळी, असे वाचले होते. पण एकाच रोपाचे उन्हाकडचे खोड लाल आणि सावलीकडचे हिरवे दिसते. मग फरक ठरवायचा कशावरून?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. खोडाचा रंग सर्वांत आधी नजरेत भरतो आणि सर्वांत जास्त फसवतोही. कडक ऊन, पाण्याचा ताण, रोपाचे वाढते वय, यांपैकी कशानेही हिरव्या खोडावर लाली चढते. उलट, दाट सावलीत वाढलेली लाल खोडाची जात हिरवट राहते. रंग ही फार तर सूचना समजावी, पुरावा नव्हे.

ज्या दोन जातींची गल्लत होते त्या म्हणजे फायलँथस अमारस आणि फायलँथस युरिनारिया. दोन्ही वर्षायू, दोन्हींच्या डहाळ्यांवर बारीक पानांच्या दोन ओळी आणि दोन्हींच्या पानांखाली मोहरीएवढी फळे. उभ्याने पाहिले तर फरक कळणार नाही. डहाळी तोडून उलटी करा. खरी ओळख तिथे आहे.

आधी फळ पाहा. अमारसच्या फळाला १ ते २ मिलिमीटरचा देठ असतो, त्यामुळे ते पानाखाली लोंबते. फळाची साल गुळगुळीत असते. युरिनारियाच्या फळाला देठ जवळजवळ नसतोच. ते डहाळीला थेट चिकटून बसते आणि त्याच्या सालीवर खवल्यांसारखे बारीक उंचवटे असतात. डोळ्यांना खात्री वाटत नसेल तर सुईचे टोक फळ आणि डहाळी यांच्या मधून सरकवून पाहा. अमारसमध्ये सुई देठाला अडेपर्यंत सहज जाते, युरिनारियामध्ये तिला शिरायला जागाच सापडत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर खवले स्वच्छ दिसतात. नसेल तर फळ उजेडाकडे तिरपे धरा, खडबडीत कडा कळते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, अगदी कोवळे फळ पाहणे. अमारसच्या कळीचा देठ इतका आखूड असतो की तीही चिकटल्यासारखी वाटते, आणि युरिनारियाच्या कोवळ्या फळावर खवले पुरते उठलेले नसतात. म्हणून डहाळीच्या शेंड्याकडचे फळ घेऊ नका. बुंध्याकडच्या अर्ध्या भागातले, पूर्ण फुगलेले फळ घ्या. दुसरी चूक मातीची. पावसाने उडालेले मातीचे कण गुळगुळीत फळावर वाळले की खवल्यांसारखेच दिसतात. डहाळी पाण्यात खळबळून, टिपून मग पाहावी.

फळापाठोपाठ फुलांची मांडणी पाहा. ही खूण कमी लोक वापरतात, पण आमच्या मते फळाइतकीच भरवशाची आहे. युरिनारियामध्ये नर आणि मादी फुलांच्या जागा वाटलेल्या असतात : डहाळीच्या बुंध्याकडच्या बेचक्यांत (पान आणि डहाळी यांच्यामधल्या कोनांत) एकेकटी मादीफुले, शेंड्याकडच्या बेचक्यांत नरफुलांचे लहान झुबके. त्यामुळे फळे नेहमी बुंध्याकडेच दिसतात आणि शेंडा फळांविना राहतो. अमारसमध्ये बुंध्याजवळची दोनतीन बेचकी सोडली तर पुढच्या प्रत्येक बेचक्यात एक नरफूल आणि एक मादीफूल शेजारी शेजारी असते, म्हणून फळांची रांग डहाळीभर पुढे सरकत जाते.

मग दले मोजा. या फुलांना वेगळ्या पाकळ्या नसतात, एकच दलमंडल असते. अमारसला पाच दले, युरिनारियाला सहा. फूल फार लहान असल्याने मोजणी कठीण जाते, पण एक सोय आहे. फळ तडकून बिया उडाल्यावरही मादीफुलाची दले मागे चांदणीसारखी पसरलेली राहतात. ती मोजणे उमलत्या फुलापेक्षा पुष्कळ सोपे आहे. एका चांदणीवर विसंबू नका. किडीने कुरतडलेली किंवा एखादे दल गळालेली चांदणी पाहिली की सहाचे पाच होतात. एकाच रोपावरच्या दहा तरी मोजा.

पानांची कडा ही चौथी खूण. युरिनारियाच्या पानाच्या खालच्या बाजूला, कडेलगत, आखूड ताठ लव असते. पान ओठावरून हलके फिरवले तर खरखर जाणवते. अमारसचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. पानाच्या आकारावर मात्र निर्णय देऊ नका. एकाच रोपावर बुंध्याकडची आणि शेंड्याकडची पाने इतकी वेगळी असतात की दोन्ही जातींचे आकार एकमेकांत मिसळतात. पाने संध्याकाळी मिटणे हीसुद्धा खूण नाही, दोन्ही जातींची पाने मिटतात.

आणि बी. एका फळात सहा बिया असतात, प्रत्येक जवळपास १ मिलिमीटर लांब, संत्र्याच्या फोडीच्या आकाराची. अमारसच्या बीच्या पाठीवर लांबीच्या दिशेने पाचसहा उभ्या कंगोऱ्या असतात. युरिनारियाच्या बीवर आडव्या कंगोऱ्या, साधारण १२ ते १५. भिंगाखाली हा फरक इतका ठळक आहे की एकदा पाहिला की विसरत नाही. ओळख पटवण्यासाठी एकच खूण निवडायची झाली तर आम्ही बी निवडू, कारण ऊन, पाणी, खत यांनी ती बदलत नाही.

प्रश्न : वरच्या दोन्हींत न बसणारी रोपे सापडतात. फळाला देठ आहे, साल गुळगुळीत आहे, पण दले सहा आहेत. हा संकर समजायचा का?

उत्तर : संकर म्हणण्याआधी तिसरी जात शोधावी. देठाचे गुळगुळीत फळ आणि सहा दले या जोडीतून फायलँथस फ्रॅटर्नस किंवा फायलँथस डेबिलिस या जाती निघतात. फ्रॅटर्नसमध्ये नर आणि मादी फुले वेगवेगळ्या बेचक्यांत असतात, अमारससारखी जोडीने नव्हेत. डेबिलिसची पाने दोन्ही टोकांना निमुळती असतात.

फळाचा देठ केसासारखा बारीक आणि फळाच्या दुपटीहून लांब असेल तर तो बहुधा फायलँथस टेनेलस. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंड्यांत तो हटकून असतो. त्याच्या बीवर कंगोऱ्या नसतात, बारीक ठिपक्यांसारखे उंचवटे असतात, त्यामुळे शंका लगेच फिटते.

जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना सरसकट ‘फायलँथस निरूरी’ म्हटलेले सापडेल. निरूरी ही मूळची अमेरिकेतली जात आहे. भारतीय वनस्पतिग्रंथांत या नावाखाली प्रत्यक्षात अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस या तीन जाती एकत्र नोंदल्या गेल्या होत्या, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रा आणि जैन यांनी १९८५ साली दाखवून दिले. म्हणून जुन्या पुस्तकातले वर्णन रोपाशी जुळत नसेल तर दोष रोपात शोधू नका.

प्रश्न : वाळवलेला, चुरलेला भुईआवळा हाती आला तर त्यातली जात ओळखता येते का?

उत्तर : येते, पण पानांवरून नव्हे. वाळताना पाने गळून पडतात आणि रंग तर पूर्ण जातो. पिशवी कागदावर उभी करून हलके ठोका आणि तळाला साचलेला बारीक भाग वेगळा काढा. चहाच्या गाळणीतून चाळला की धूळ आणि बिया खाली येतात. त्या पांढऱ्या कागदावर पसरा, फुंकर मारून पानांचा भुगा उडवा आणि उरलेल्या बिया भिंगाखाली पाहा. उभ्या कंगोऱ्यांच्या किती आणि आडव्या कंगोऱ्यांच्या किती, हे शंभर बिया मोजून लिहा. मिश्रण असेल तर लगेच उघडे पडते. तळाला बियाच नसतील तर माल फळे धरण्याआधी कापलेला आहे. अशा वेळी शिल्लक डहाळ्यांवर दलांच्या चांदण्या किंवा पानाच्या कडेची लव शोधावी.

पूड मात्र साध्या भिंगाने ओळखू नये. तिथे सूक्ष्मदर्शक किंवा प्रयोगशाळेतली तपासणी लागते. औषधासाठी वापर करायचा असेल तर अंदाजावर मुळीच जाऊ नका.

प्रश्न : भुईआवळ्याचे पान संयुक्त की साधे? मुलांना शिकवताना नेहमी वाद होतो.

उत्तर : साधे. संयुक्त पानासारखी दिसते ती बारीक डहाळी आहे. संयुक्त पानाच्या पर्णिकेच्या, म्हणजे त्यातल्या एका लहान पानासारख्या भागाच्या, बेचक्यात कधीही कळी किंवा फूल येत नाही. इथे प्रत्येक बारीक पानाच्या बेचक्यात फूल आहे, म्हणजे ते प्रत्येक स्वतंत्र पान झाले. फुले आलेली नसतील तर प्रत्येक पानाच्या तळाशी दोन सूक्ष्म उपपर्णे (देठालगतचे पानासारखे बारीक तुकडे) शोधा, तीही हेच सांगतात.

प्रश्न : टाकळ्याच्या दोन जाती आहेत म्हणतात. शेतात तर सगळा सारखाच दिसतो. फरक पाहायचा कुठे?

उत्तर : सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया या त्या दोन जाती. दोन्हींना पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद होणाऱ्या पर्णिका, पिवळी फुले आणि बारीक लांब शेंगा. कासविंदा यांत धरू नका. त्याच्या पर्णिका टोकदार असतात आणि ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी तळाशी असते, त्यामुळे तो दुरूनही वेगळा काढता येतो.

टाकळ्याच्या जोडीत ग्रंथी मोजायची असते. पानाचा मुख्य दांडा वरच्या बाजूने पाहा. जिथे पर्णिकांची जोडी फुटते तिथे, दोन पर्णिकांच्या मध्ये, तपकिरी-नारिंगी रंगाची काडीसारखी उभी ग्रंथी दिसते, जेमतेम २ मिलिमीटरची. सेन्ना टोरामध्ये ती खालच्या दोन्ही जोड्यांमध्ये असते, म्हणजे एका पानावर दोन. ऑब्ट्युसिफोलियामध्ये फक्त सर्वांत खालच्या जोडीत, म्हणजे एक.

हे ऐकायला सोपे आहे, पण ग्रंथी वाळून गळते. जुन्या पानावर एकच उरलेली दिसली की टोराला ऑब्ट्युसिफोलिया ठरवले जाते. उलट बाजूची चूक सहसा होत नाही, कारण नसलेली ग्रंथी उगवत नाही. म्हणून शेंड्यापासून तिसरे-चौथे, पूर्ण उघडलेले पण कोवळे पान घ्यावे, आणि एका रोपावरची किमान पाच पाने पाहावीत. एका जरी पानावर दोन ग्रंथी सापडल्या तर इतर पानांवर एक असली तरी वजन दोनला द्यावे, आणि मग बी पाहून पक्के करावे.

बी दोन्हींची चकचकीत, कोनदार, ३ ते ५ मिलिमीटरची. तिच्या बाजूवर फिकट रंगाचा एक लांबट पट्टा असतो. टोरामध्ये हा पट्टा रुंद, दीड ते दोन मिलिमीटर. ऑब्ट्युसिफोलियामध्ये अरुंद, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, रेघ ओढल्यासारखा. मोजायला पट्टी लागत नाही. बीच्या रुंदीचा बराच भाग पट्ट्याने व्यापला असेल तर टोरा. शेंग हिरवी असताना काढलेली बी या कामाला चालत नाही, पट्ट्याचा रंग उठलेला नसतो. शेंग वाळून तपकिरी झाल्यावरच बी काढा.

शेंगेचा देठही मदत करतो. टोराचा आखूड, साधारण दीड सेंटीमीटरच्या आत. ऑब्ट्युसिफोलियाचा बहुधा त्याहून लांब. पण इथे दोन्हींची मापे एकमेकांना भिडतात, त्यामुळे एकट्या देठावर निकाल देऊ नये. वासावर तर नाहीच, चुरगळल्यावर दोन्ही जाती उग्र वास सोडतात.

तण म्हणून काढायचे असेल तर जात ओळखण्यासाठी थांबू नका. दोन्हींच्या बियांचे कवच टणक असते आणि त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. फुले दिसू लागली की उपटणे हाच योग्य काळ. शेंगा धरल्यानंतर उपटून बांधावर टाकलेल्या रोपांतून बी तिथेच पिकते आणि पुढच्या हंगामाची पेरणी होऊन जाते.

प्रश्न : ओसाडीची जांभळी-निळी फुले कधी फिकट, कधी गडद असतात. बागेतून सुटलेली जात आणि रानातली जात वेगळी कशी काढावी?

उत्तर : रानातली बहुधा एजिरॅटम कोनिझॉइडिस, बागेतली एजिरॅटम हाउस्टोनिएनम. रंग सोडून द्या. दोन्हींत निळा, जांभळा, पांढरा असे सगळे सापडतात. फुलांचा गेंद उलटा करून त्याच्या खालची हिरवी छदे, म्हणजे गेंदाला वेढणारी बारीक पाने, पाहा. कोनिझॉइडिसची छदे जवळपास केशहीन आणि टोकाशी एकदम अणकुचीदार होणारी. हाउस्टोनिएनमची छदे दाट केसाळ, टोकाकडे हळूहळू निमुळती होणारी, आणि केसांपैकी काहींच्या टोकाला चिकट थेंब असतात. बोटाने चिमटून पाहिले तर हा चिकटपणा जाणवतो. पानाचा तळ हृदयाकृती असेल तर कल हाउस्टोनिएनमकडे, पण कोनिझॉइडिसच्या खालच्या पानांतही असा तळ कधी कधी दिसतो. कोनिझॉइडिसमध्ये यकृताला अपाय करणारी अल्कलॉइडे असतात, त्यामुळे ती जनावरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नये.

प्रश्न : जमिनीलगत पसरणारी, तोडल्यावर दूध येणारी लहान नायटी एकच आहे की दोन?

उत्तर : मोठी नायटी, म्हणजे युफोर्बिया हिर्टा, बाजूला ठेवू. तिचे खोड केसाळ आणि बरेचदा उभे वाढते, पाने मोठी आणि फुलांचे गोळे दाट असतात. जमिनीला चिकटलेल्या बारीक पानांच्या जातींत युफोर्बिया थायमिफोलिया आणि युफोर्बिया प्रोस्ट्राटा या दोन नेहमी एकत्र वाढलेल्या सापडतात.

फरक फळावरच्या लवेत आहे. फळ तीन कप्प्यांचे, त्याला तीन कडा. प्रोस्ट्राटामध्ये लव फक्त या कडांवर असते, मधला भाग साफ. थायमिफोलियामध्ये लव सगळ्या फळावर पसरलेली. शिवाय प्रोस्ट्राटाचे फळ पिकता पिकता देठ वाढून आपल्या पेल्याबाहेर (फुलांना वेढणाऱ्या वाटीसारख्या आवरणाबाहेर) लोंबते, तर थायमिफोलियाचे आखूड देठामुळे पेल्यातच अडकून राहते आणि वाढताना पेला एका बाजूने फाडते. फळ १ ते दीड मिलिमीटरचे असल्याने भिंग लागतेच. प्रकाश समोरून पडला तर लव दिसत नाही. फळाच्या मागे काळा कागद धरा आणि प्रकाश बाजूने येऊ द्या.

दूध डोळ्यांत गेले तर जळजळ होते. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.

प्रश्न : भिंगातून नीट दिसत नाही, सगळे धूसर होते. आणि तुम्हाला पाठवायला फोटो कसे घ्यावेत?

उत्तर : भिंग रोपाजवळ धरून डोके दूर ठेवले तर धूसरच दिसणार. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, तो हात गालाला टेकवून स्थिर करा, आणि दुसऱ्या हाताने डहाळी भिंगाकडे आणा. दहापट भिंगात वस्तू साधारण अडीच सेंटीमीटर अंतरावर स्वच्छ दिसते. चश्मा काढायची गरज नाही. ऊन पाठीमागून नव्हे, खांद्यावरून वस्तूवर पडू द्या.

मोबाइलने फोटो घेताना हेच भिंग कॅमेऱ्यासमोर धरता येते. वरून काढलेला एकच सुंदर फोटो आम्हाला बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. पाच फोटो हवेत : मुळासकट पूर्ण रोप, उलटी केलेली डहाळी, पानाच्या खालच्या बाजूचा जवळून, देठासकट फळ, आणि पांढऱ्या कागदावर बिया. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवा. वारा असेल तर डहाळी हातात धरून फोटो घेऊ नका, तोडून कागदावर ठेवा.

नमुना पाठवायचा असल्यास फुले आणि फळे दोन्ही असलेले रोप मुळासकट उपटा, माती झटका, वर्तमानपत्राच्या घडीत पसरा आणि वर जड पुस्तके ठेवा. एकदोन पाने मुद्दाम उलटी करून ठेवा, नाहीतर वाळल्यावर खालची बाजू पाहता येत नाही. पहिले चार दिवस कागद रोज बदला, पुढे एकाआड एक. ओल्या कागदात ठेवलेला नमुना काळा पडतो आणि बुरशी धरतो. भुईआवळ्याची फळे वाळताना तडकून बिया उडवतात, म्हणून काही पिकलेली फळे आधीच कागदी पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाका. प्लास्टिकची पिशवी वापरू नका, आत घाम धरतो. पाकिटावर तारीख, जागा, ऊन की सावली, माती ओली की कोरडी आणि ताज्या खोडाचा व फुलाचा रंग पेन्सिलीने लिहा. शाई ओलसर कागदावर फुटते.